कोळ्याचं रेशीम, शिंपल्याचा गोंद: नक्कल नेमकी अडते कुठे?

धागेदोरे | सोमवार, रात्री १०:१२

परवा आमच्या प्रयोगशाळेत एक बाटली वाया गेली. चार दिवसांचं काम होतं. रेशमाचे कोष कापायचे, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात अर्धा तास उकळायचे, म्हणजे वरचा डिंकासारखा थर, सेरिसिन, निघून जातो. उरलेला कापसासारखा पुंजका वाळवायचा, लिथियम ब्रोमाइडच्या दाट द्रावणात ६० अंशांवर चारेक तास ठेवायचा, मग क्षार बाहेर जाऊ देणाऱ्या डायलिसिसच्या पिशवीत भरून दोन दिवस पाणी बदलत बसायचं. हाती येतं ते फिकट पिवळसर, पारदर्शक, वाहतं रेशीम. सात-आठ टक्के प्रथिन, बाकी सगळं पाणी. आमच्या नव्या मुलाने ती बाटली "नीट मिसळावी" म्हणून व्होर्टेक्सवर, म्हणजे बाटल्या हलवायच्या यंत्रावर, धरली आणि गरगर फिरवली. पुढे काय झालं ते हे काम करणाऱ्यांना सांगायला नको. द्रावण दुधाळ झालं, मग थलथलीत, मग पांढरं दही. ते परत पातळ होत नाही.

मी रागावले नाही. पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं.

पण त्या बाटलीकडे बघताना जुनाच प्रश्न पुन्हा पडला. रेशमाचा किडा हेच प्रथिन आमच्या तिप्पट-चौपट दाट करून पोटात बाळगतो. वळवळतो, खातो, वर चढतो. त्याच्या आत दही होत नाही. वेळ आली की डोकं इंग्रजी आठच्या आकड्यासारखं हलवत धागा बाहेर ओढतो, आणि त्या ओढीनेच द्रवाचा धागा होतो. म्हणजे ज्या घुसळण्याने आमचं नुकसान होतं, त्याच जातीच्या ओढीवर त्याचं सगळं काम चालतं. फक्त त्याला ती कधी, कुठे आणि किती द्यायची ते जमतं.

कोळ्याच्या दोरीच्या, म्हणजे ज्या धाग्याला तो लटकतो त्याच्या, प्रथिनाचा क्रम १९९० मध्ये रँडी लुईस आणि सहकाऱ्यांनी अंशतः उलगडला. माल कसला आहे हे कळून इतकी वर्षं झाली. तरी प्राण्यांकडून उचललेले पदार्थ म्हटलं की आपल्याला बातम्याच जास्त आठवतात, वस्तू कमी. माझं मत असं की अडतं ते मालापाशी नाही, रीतीपाशी. इथे चिकट पदार्थांत आयुष्य घालवलेली माणसं आहेत हे ठाऊक आहे, म्हणून धागा काढतेय. बोला.

वाचनवेडी | सोमवार, रात्री १०:४०

वाचनखूण साठवली. धाग्यावर धागा, मजा आहे. एक भाबडा प्रश्न: एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा रेशीमकिड्यांसारखे कोळीच का पाळत नाहीत?

धागेदोरे | सोमवार, रात्री ११:०५

भाबडा मुळीच नाही, तीनशे वर्षं जुना आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये बों नावाच्या गृहस्थांनी कोळ्यांच्या रेशमाचे मोजे आणि हातमोजे करून दाखवले. तिथल्या विज्ञान अकादमीने रेओम्यूर या निसर्गशास्त्रज्ञाला चौकशी करायला सांगितलं. त्याने कोळी एकत्र ठेवून पाहिले, तर ते एकमेकांनाच खाऊ लागले. विषय संपला.

त्यानंतर थेट मादागास्कर. तिथे सायमन पीअर्स आणि निकोलस गॉडली यांनी सोनेरी रेशीम देणाऱ्या कोळीणी रानातून पकडून आणवल्या, हाताने फिरवायच्या यंत्रावर एका वेळी २४ जणींचा धागा काढला आणि त्यांना परत सोडून दिलं. २००९ मध्ये एक कापड दाखवलं, त्याला दहा लाखांहून जास्त कोळीणी लागल्या. २०१२ मध्ये लंडनच्या संग्रहालयात त्याच रेशमाचा अंगरखा मांडला, त्याला बारा लाख. रंग निसर्गाचा, कुठलाही रंग न चढवता. बघायला अप्रतिम, पण कारखाना चालवायला निरुपयोगी.

शंकासुर | मंगळवार, सकाळी ७:५०

आलो. नेहमीची तीट लावतो.

"कोळ्याचं जाळं पोलादापेक्षा पाचपट मजबूत" हे वाक्य मी शाळेपासून ऐकतोय. तर मग पूल कुठे आहेत? आणि दुसरं. माणसाने रेशमाची नक्कल एकदा केली आहे आणि ती तुफान चालली आहे. तिचं नाव नायलॉन. कॅरदर्स या रसायनतज्ज्ञांनी १९३५ मध्ये बनवलं, १९४० मध्ये मोजे बाजारात आले आणि रेशमी मोज्यांची सद्दी संपली. त्यात किडा नाही, ग्रंथी नाही, प्रथिन नाही. वितळवा, चाळणीतून दाबा, ओढा, झालं. प्राण्याची हुबेहूब नक्कल करण्याचा हट्ट सोडला तेव्हाच काम झालं, असं नाही का?

तंतुवाद्य | मंगळवार, सकाळी ९:१५

पहिल्या मुद्द्याचं मी बघतो, आकडे माझं खातं.

इथे दोन गोष्टींची सरमिसळ होते. ताकद आणि चिवटपणा. ताकद म्हणजे तुटेपर्यंत किती ताण सोसतो. कोळ्याच्या दोरीची सुमारे १.१ गिगापास्कल, चांगल्या पोलादी तारेची १.५, गोळीरोधक जॅकेटातल्या केव्हलर या कृत्रिम धाग्याची ३.६. म्हणजे सारख्या जाडीच्या तारा घेतल्या तर कोळी तिघांत शेवटचा. मग पाचपट आलं कुठून? वजनातून. रेशमाची घनता १.३, पोलादाची ७.८. भागाकार करा, सारख्या वजनाला रेशीम पोलादाच्या साडेचारपट येतं. त्याचं कुणीतरी पाचपट केलं आणि "सारख्या वजनाला" हे शब्द वाटेत गळाले. केव्हलर मात्र या हिशेबातही कोळ्याच्या पुढेच.

कोळी जिंकतो तो चिवटपणात. तुटण्याआधी पदार्थ किती ऊर्जा गिळतो ते. दोरी दर घनमीटरला सुमारे १६० मेगाज्यूल, केव्हलर ५०, पोलादी तार ६. कारण ती मूळ लांबीच्या पाव भागाहून जास्त ताणली जाते, केव्हलर जेमतेम तीन टक्के. मादागास्करचाच आणखी एक कोळी आहे, डार्विनचा बार्क स्पायडर. तो नदीच्या या काठावरून त्या काठावर, २५ मीटरपर्यंत दोर टाकतो. त्याच्या रेशमाचा चिवटपणा सरासरी ३५० भरला होता.

उडती माशी आदळली तर जाळ्याने तिला परत उडवायचं नसतं, तिचा जोर गिळायचा असतो. पुलाला हे गुण नको आहेत. पाव भागाने लांबणारा पूल कुणाला हवाय?

शंकासुर | मंगळवार, सकाळी ९:३२

पाचपटवाला मुद्दा मागे घेतो, उलट तुम्हीच माझं काम केलंत. नायलॉन अजून उभा आहे.

धागेदोरे | मंगळवार, रात्री ९:२०

शंकासुर, नायलॉनचा मुद्दा बरोबर आहे आणि मला तो आवडतो. पण त्याने रेशमाकडून घेतलं ते फक्त अमाइड बंध, म्हणजे प्रथिनाच्या कड्या जोडणारा दुवा. बाकी घर वेगळंच बांधलं. मोज्याला तेवढं पुरलं. चिवटपणा हवा असेल तर तेवढ्याने भागत नाही.

दोरीच्या आत काय आहे ते पाहू. अ‍ॅलॅनिन या अमिनो आम्लाच्या सलग रांगा एकमेकींवर घट्ट रचून त्यांचे अतिसूक्ष्म स्फटिक होतात. त्यांच्या अधूनमधून ग्लायसिनने भरलेला सैल, गुंतलेला भाग. स्फटिक गाठीसारखे धरून ठेवतात, सैल भाग ताणला जातो. ताकद एकाकडून, ताण दुसऱ्याकडून. स्फटिक मोठे झाले की धागा ठिसूळ, विखुरले की लेचापेचा.

आता ती रीत. ग्रंथीत हे प्रथिन तीस ते पन्नास टक्के दाट द्रव असतं. तिथून निमुळत्या होत जाणाऱ्या नळीतून ते पुढे सरकतं आणि त्या नळीत आम्लता वाढत जाते. पीएच (जितका कमी तितकी आम्लता जास्त) ७.६ वरून ५.७ पर्यंत उतरलेला प्रत्यक्ष मोजला आहे. हे करणारं विकर म्हणजे कार्बोनिक अनहायड्रेज, जे आपल्या रक्तातही असतं. प्रत्येक प्रथिनाच्या एका टोकाला एक छोटी घडी असते. पीएच उतरला की दोन प्रथिनांच्या घड्या एकमेकींना पकडतात. सोडियम-क्लोराइड बाहेर, पोटॅशियम-फॉस्फेट आत. पाणी शोषलं जातं. नळी अरुंद होत असल्याने रेणू एका दिशेला ओढले जातात. शेवटी कोळीण मागच्या पायाने किंवा स्वतःच्या वजनाने धागा ओढते. हे सगळं साध्या तापमानाला, पाण्यात.

आणि केव्हलर? तो कातायला तीव्र गंधकाम्लात विरघळवावा लागतो. कोळ्याच्या प्रथिनाचे सुरुवातीचे कृत्रिम धागेही एचएफआयपी नावाच्या जहाल द्रावकातून काढले जात. प्रथिन निसर्गाचं, रीत कारखान्याची. धागा व्हायचा, पण त्यात ती रचना नसायची.

२०१७ मध्ये स्वीडनमधल्या ॲना रायझिंग आणि यान योहान्सन यांच्या गटाने ही टोकं नीट निवडून जोडलेलं छोटं प्रथिन जिवाणूंत बनवलं, पाण्यात ठेवलं आणि बारीक काचेच्या नळीतून पीएच ५ च्या द्रावणात सोडलं. धागा आपोआप झाला, मीटरांनी. तो चिवटपणात कोळ्याइतका नव्हता. पण तो अहवाल वाचला तेव्हा मी खुर्चीतून उठले होते, एवढं सांगते.

मालाचाही घोळ आहे, तो नाकारत नाही. हे जनुक म्हणजे त्याच त्या ओळीची शेकडो वेळा पुनरुक्ती. जिवाणू मधल्या ओळी गाळून टाकतो. ग्लायसिन इतकं लागतं की ते वाहून आणणारे त्याचे टीआरएनए संपतात. शेळ्यांच्या दुधात हे प्रथिन काढण्याचा कॅनडातल्या नेक्सिया कंपनीचा प्रयोग बऱ्याच जणांना आठवत असेल, ती कंपनीही टिकली नाही. पण २०१८ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात फूझोंग झांग यांच्या गटाने दोन तुकडे जिवाणूत बनवून मग एकमेकांना जोडले, १९२ पुनरुक्त्यांचं प्रथिन केलं, आणि धागा १ गिगापास्कलच्या घरात गेला. म्हणजे लांबी पूर्ण दिली की ताकद येते.

चिकटगुंडा | बुधवार, दुपारी १:१०

धागेदोरेताई, तुमच्या "रीत, माल नव्हे" याला माझा अर्धाच होकार. गोंदाच्या दुनियेत मालच आधी सापडला आणि त्याने पोट भरलं.

मसल नावाचा खडकाला धरून राहणारा शिंपला घ्या. लाटा आपटत असतात, खडक ओला, त्यावर शेवाळ, तरी हा पठ्ठ्या पाय बाहेर काढतो, खडकावर दाबतो, काही मिनिटांत दोन-चार सेंटिमीटरचा धागा आणि टोकाला गोंदाची टिकली तयार. १९८०च्या सुमारास हर्बर्ट वेट यांनी दाखवलं की या गोंदात डोपा नावाचं अमिनो आम्ल भरलेलं आहे. खडकाला थेट भिडणाऱ्या एका प्रथिनात तर जवळजवळ तीस टक्के. डोपाच्या कडीला शेजारीशेजारी दोन हायड्रॉक्सिल असतात. ती जोडगोळी धातूच्या ऑक्साइडला, खनिजाला, कशालाही पकडते.

आता गंमत. २००७ मध्ये फिलिप मेसरस्मिथ यांच्या गटाने म्हटलं, अख्खं प्रथिन कशाला? डोपामिन हा छोटा रेणू घ्या, त्यात डोपाची ती जोडगोळीही आहे आणि अमाइन हा नायट्रोजनवाला गटही. दर मिलिलिटरला २ मिलिग्रॅम, पीएच ८.५ च्या बफरमध्ये, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात. वस्तू बुडवा, ढवळत ठेवा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा द्रावण काही वेळात गुलाबीसर झालं, मग चहासारखं, रात्री काळं. सकाळी वस्तूवर काही दशनॅनोमीटरचा थर. काचेवर, स्टीलवर, प्लॅस्टिकवर, आणि टेफ्लॉनवरसुद्धा! ज्याला काही चिकटू नये म्हणून जन्माला घातलं त्या टेफ्लॉनवर. अर्थात बीकरही काळा, द्रावण ढवळणारी मॅग्नेटिक बीडही काळी, माझी बोटंही काळी. तीन दिवस बोटं दाखवत फिरलो.

आणि व्यवहारात उतरलेलं उदाहरण: ओरेगनमध्ये काइचांग ली यांनी शिंपल्याच्या प्रथिनावरून सोयाबीनच्या प्रथिनात बदल करून प्लायवूडचा गोंद बनवला, फॉर्माल्डिहाइडशिवाय. २००५ पासून कारखान्यात वापरला जातोय. शिंपल्याची रीत कुणी विचारली नाही. कल्पना उचलली, सोयाबीनला लावली, पत्रे चिकटले.

वाचनवेडी | बुधवार, दुपारी ३:००

चिकटगुंडा काका, भारी. पण मग ओल्या जागी चिकटणारा गोंद घरोघरी का नाही? ओल्या फरशीवर मी लावलेलं काहीही दुसऱ्या दिवशी हातात येतं.

चिकटगुंडा | बुधवार, रात्री ८:४५

आता अर्धा होकार देतो म्हटलं होतं तो इथे खर्च करतो.

ओल्या पृष्ठभागावर पाण्याचा आणि क्षारांचा पातळ थर आधीच बसलेला असतो. तुमचा गोंद दगडाला नाही, त्या पाण्याला चिकटतो. शिंपल्याच्या प्रथिनात डोपाच्या शेजारी बहुतेक वेळा लायसिन असतं. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराच्या गटाने २०१५ मध्ये दाखवलं की लायसिन तो क्षाराचा थर बाजूला सारतं आणि मग डोपाला दगड मिळतो. आम्ही वर्षानुवर्षं नुसता डोपा घालत होतो, म्हणजे जागा मोकळी करणारा मागे ठेवून बसणाऱ्यालाच पाठवत होतो.

दुसरी अडचण म्हणजे समुद्राचा पीएच आठच्या वर. त्यात डोपा ऑक्सिजनशी भिडून क्विनोन होतो. क्विनोन एकमेकांना धरतात, म्हणून गोंद आतून घट्ट होतो, पण दगड सोडतो. शिंपला पायाखाली जागा बंद करून तिथे आम्लता राखतो, शिवाय क्विनोनला परत डोपा करणारं वेगळं प्रथिन सोडतो. आधी चिकट, मग घट्ट. हा क्रम चुकला की संपलं.

आमच्या जुन्या कंपनीत असाच एक नमुना होता. कोरड्या काचेवर झकास. सादरीकरणात टाळ्या. ओल्या काँक्रीटवर दुसऱ्या दिवशी चकतीसारखा निघून आला, खालून कोरा करकरीत. विक्रीवाल्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की अजून आठवतं. तेव्हा ताई, रीत महत्त्वाची आहे. फक्त तुमच्याइतकी नाही.

तंतुवाद्य | गुरुवार, सकाळी ८:२०

रेझिलिनचं नाव कुणीच घेत नाहीये म्हणून मध्ये घुसतो. टोळाच्या पंखाच्या सांध्यात वाइस-फोग यांना १९६० च्या सुमारास सापडलेलं रबरासारखं प्रथिन. दाबून सोडलं की दिलेल्या ऊर्जेतली ९७ टक्क्यांपर्यंत परत देतं. पिसवाची उडी याच्या जोरावर. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओने फळमाशीचं जनुक जिवाणूत घालून हे प्रथिन बनवलं, रुथेनियमचं संयुग मिसळून प्रकाश टाकला, आणि ते घट्ट झालं. त्यांनी कीटकाची रीत घेतली नाही, स्वतःची शोधली. तरी उसळी कीटकासारखी आली, कारण इथे आतली रचना सैल आणि विस्कळीतच हवी असते. ताईंच्या नियमाला हा अपवाद समजा. रचना जितकी नेटकी, तितकी रीत महाग, असं मी म्हणेन.

मोत्याचा शिंपला हे दुसरं टोक. चुन्याच्या अर्ध्या मायक्रॉन जाडीच्या फरश्या, मधे प्रथिनाची लुकण, भेग वाट चुकत चुकत दमते. बर्कलेच्या गटाने गोठणाऱ्या पाण्याच्या पानांमध्ये चिनीमातीसारखी भुकटी दाबून असे थर केले. सुंदर काम, वेळखाऊ काम.

शंकासुर | गुरुवार, सकाळी १०:०५

माझ्या बाजूचं एक. कोळ्याचा धागा भिजला की आखडतो, कधीकधी निम्म्यापर्यंत. जाळ्याला ते चालतं, दवाने ओघळलेलं जाळं परत ताणलं जातं असं म्हणतात. पण जॅकेटला? जपानच्या स्पायबर कंपनीने कोळ्यावरून घेतलेल्या प्रथिनाचं जॅकेट २०१५ मध्ये दाखवलं आणि विकलं २०१९ मध्ये. मधल्या वर्षांत पाण्यात आखडू नये म्हणून प्रथिनातच बदल केले. म्हणजे शेवटी कोळ्याला दुरुस्त करावं लागलंच ना? नक्कल तिथेच थांबवायची जिथे आपली गरज वेगळी होते.

धागेदोरे | गुरुवार, रात्री ९:५०

हे मान्य. पूर्ण मान्य. पण दुरुस्त करायला आधी काय कशामुळे होतं ते कळावं लागलं. आखडणं कुठल्या भागातून येतं हे माहीत नसतं तर काय बदललं असतं?

वाचनवेडी | शुक्रवार, सकाळी ७:३०

शेवटचा प्रश्न, मग वाचत बसते. शिंपल्याला जागा बदलायची असेल तर तो एवढा घट्ट गोंद सोडवतो कसा?

चिकटगुंडा | शुक्रवार, सकाळी ८:१५

सोडवतच नाही. धाग्यांचा अख्खा झुबका मुळापासून शरीरातून सोडून देतो. गोंद, टिकल्या, धागे सगळं खडकावर राहतं, हा मोकळा. चिकटवणारा कसाही असो, सोडवणारा चतुर हवा. आमच्या धंद्यात सोडवण्याला कुणी पैसे देत नाही.

नवा_भिडू | शुक्रवार, रात्री ११:२०

नमस्कार. पहिल्या परिच्छेदातला "नवा मुलगा" मीच. मॅडम, मला माहीत नव्हतं तुम्ही इथे लिहिता. बाटलीबद्दल परत एकदा सॉरी.

चिकटगुंडा काका, तुमचा प्रतिसाद वाचून काल थोडं डोपामिन घेऊन बघितलं. आता ५०० मिलिचा बीकर आतून तपकिरी काळा झालाय आणि साबण, अ‍ॅसिटोन, घासणी, कशानेच जात नाहीये. मॅडम सोमवारी येतात. काय करू?

चिकटगुंडा | शुक्रवार, रात्री ११:४१

घासणी ठेव, काचेला ओरखडे पडतील. पातळ सोडियम हायपोक्लोराइटमध्ये भिजत ठेव, थर फिकट होत जाईल. हातमोजे घाल, खिडकी उघडी, आणि त्यात आम्ल चुकूनही टाकू नकोस, क्लोरीन निघेल. आधी बीकर नीट विसळून घे.

धागेदोरे | शनिवार, सकाळी ६:५५

मॅडम इथे रोज येतात.

नवा_भिडू | शनिवार, दुपारी १२:३०

बीकर स्वच्छ झाला मॅडम, जागेवर ठेवलाय. टेफ्लॉनची मॅग्नेटिक बीड मात्र अजून काळीच आहे.